गाठीची मालकीण

फार फार पूर्वी, दोन राज्यांच्या मधोमध फक्त नद्या असत, तेव्हाची ही गोष्ट. एका रुंद नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. होडी खुंट्याला बांधताना ते एक खास गाठ मारत. नदीने जितकं ओढावं तितकी ती आवळायची, आणि माणसाने एक टोक खेचलं की झटकन सुटायची. ती कुणी शोधली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिकायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, एवढाच रिवाज होता.

त्या गावची एक मुलगी सात डोंगर ओलांडून दूरच्या विद्यापीठात गेली. तिथे बुद्धीच्या मालमत्तेचा कायदा शिकवत.

पहिल्याच दिवशी आचार्यांनी एक कोरीव फणी हातात धरून विचारलं, "ही कुणाची?"

"ज्याने विकत घेतली त्याची," मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

"फणी त्याची. पण तिच्यावरची नक्षी ज्याला सुचली, त्याची."

मुलगी थक्क झाली. शेत बळकावलं तर सगळ्यांना दिसतं, आणि कल्पना बळकावली तर कुणाला पत्ताही लागत नाही! हा अन्याय आपण थांबवायचा, असं ठरवून ती पाच वर्षं झपाटल्यासारखी शिकली.

परतीच्या वाटेवर एक बंदर लागलं. तिथे एक व्यापारी लोकांना गाठ मारून दाखवत होता. "ही माझी युक्ती," तो सांगत होता. "येत्या पौर्णिमेला राजदफ्तरात नोंदवणार."

मुलीने पुढे होऊन पाहिलं. ती तिच्या गावची गाठ होती!

ती धावतपळत राजधानीला गेली आणि व्यापाऱ्याच्या आधी दफ्तरात पोचली.

"मालक कोण?" लेखनिकाने विचारलं.

"आमचं गाव."

"गाव सही करतं का, बाई? इथे एकच ओळ आहे. एक नाव सांगा."

तिने स्वतःचं नाव लिहिलं. मग घाटाघाटावर दवंडी पिटली गेली : मालकिणीच्या लेखी परवानगीशिवाय ही गाठ मारणाऱ्याची होडी जप्त होईल.

गावात एक म्हातारी म्हणाली, "अगं, माझ्या सासऱ्यांनी शिकवलेली गाठ तुझी कधी झाली?"

"नुसती नावाला हो, आजी. तुमच्यासाठीच राखलीय." आणि तिने गावातल्या प्रत्येक नावाड्याला परवानगी लिहून दिली.

तिच्या मामाचं गाव नदीच्या वरच्या अंगाला होतं. लहानपणी ही गाठ तिला मामानेच शिकवली होती. त्याचा निरोप घेऊन एक नावाडी आला. "मामा म्हणतात, आमच्या घाटाचंही बघ, पोरी. पाणी चढायचे दिवस आलेत."

"मामाला म्हणावं, रीतसर अर्ज पाठव. घरच्यांना सूट दिली तर कायद्याला कोण विचारेल?"

नावाडी हसला. "मामा अर्ज लिहिणार? त्यांना 'क' काढायला सांगा, नांगर काढतील!"

तीही हसली. "बरं, मीच येते. आठ दिवसांत."

नदी आठ दिवस थांबली नाही. पाचव्या दिवशी, भर दुपारी, गढूळ लाटांवरून मामाची होडी उलटी वाहत आली. मागे दोर नुसताच तरंगत होता. घटकाभराने मामाही आला. त्याच पाण्यातून, निष्प्राण.

मामी चालत आली, तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

"होडीची डागडुजी करत आत बसले होते गं. साधी गाठ होती, ती सुटली."

"साधी? मामाने साधी गाठ का मारली?"

"दवंडी ऐकली आणि आमच्या घाटावरच्या सगळ्या गाठी त्यांनी स्वतः सोडायला लावल्या. लोक म्हणाले, इथे कोण बघायला येतंय? तर म्हणाले, भाचीच्या नावाची वस्तू मी चोरून वापरू?"

मुलीला रडूही फुटलं नाही. तिला रोखायचा होता व्यापारी. थांबला होता मामा.

तेरावा झाल्यावर ती दफ्तरात गेली. "माझं नाव खोडा."

"खोडतो," लेखनिक म्हणाला. "पण तो व्यापारी रोज चौकशीला येतो. जागा रिकामी झाली की उद्या त्याचं नाव चढेल."

तिने लेखणी मागितली आणि आपल्या नावाखाली लिहिलं : 'ही गाठ ज्याला हवी त्याने मारावी. कुणी कुणाला अडवू नये. मालकिणीचा हा हुकूम कायमचा.'

"असं आजवर कुणी लिहिलेलं नाही!"

"कायद्यात मनाई आहे?"

लेखनिकाने सगळा ग्रंथ चाळला. मनाई नव्हती.

पुन्हा दवंडी पिटली गेली. मामाच्या घाटावर सगळ्या होड्या पुन्हा त्या गाठीने बांधल्या गेल्या. एक खुंटा तेवढा रिकामा राहिला.

तात्पर्य : ज्ञानाला कुंपण घालणाऱ्याने आधी आपल्या माणसांसाठी दार ठेवावं, कारण चोर कुंपण ओलांडतो, प्रामाणिक माणूसच बाहेर थांबतो.