मावशीची थाळी

“ठेव तो कुंचला खाली! माझ्या थाळीला हात लावशील तर याद राख!”

“ताई, रंगावाचून तुझी थाळी म्हणजे टक्कल आहे, टक्कल!”

फार फार जुन्या काळी, जपानच्या एका डोंगरगावात, भट्टीच्या दारातच ही जुंपली होती. बहीण चाकावर थाळ्या घडवायची, भाजायची. धाकटा भाऊ त्यांवर चित्रं काढायचा. आईबापांमागं दोघांना मावशीनं वाढवलेलं. तिची थाळी फुटली, तेव्हा दोघं नवी करून देऊ म्हणाली, आणि तिथंच घोडं अडलं. म्हातारी बिचारी भांड्याच्या झाकणावर जेवत होती. ताईला त्याची लाज वाटे. पण माघार घ्यायची म्हटली की मान ताठ!

शेवटी ठरलं, दोघांनी वेगवेगळी थाळी करायची. मावशी जिच्यात जेवेल ती खरी. हरेल त्यानं गाव सोडायचं.

“कबूल!” ताई म्हणाली खरी, पण लगेच मनात आलं, आपण जिंकलो तर हा जाणार. घर खायला उठेल. जीभ मात्र ऐकेना, त्याला कोण काय करणार?

थाळ्या मावशीपुढं आल्या. ताईची पांढरीशुभ्र. मावशीनं तिच्यात भात घेतला आणि डोळे बारीक केले. “अगं, भात कुठं संपला नि थाळी कुठं सुरू झाली?”

भावाच्या थाळीत काठापासून काठापर्यंत कमळं, मासे, कोळंब्या. मावशीनं जेवायच्या काड्यांनी एक कोळंबी उचलायला घेतली. उचलेना. जोर लावला. “मेली चिकटलीय!”

दोघंही खो-खो हसली. पण हसू ओसरताच भाऊ म्हणाला, “मग जिंकलं कोण?” आणि पुन्हा सुरू झाली तू-तू मी-मी.

नंतर ताईनं नवी थाळी घडवली आणि आपणहून त्याच्या हाती कुंचला दिला. त्यानं काठाला एकच कोळंबी काढली, मधली जागा भातासाठी मोकळी ठेवली. त्या थाळीत मावशी पोटभर जेवली. तसल्या थाळ्यांसाठी लोक डोंगर चढून येऊ लागले. कुणी कुठं गेलं नाही.

पण भांडण मिटलं ते त्याआधीच, ती तू-तू मी-मी चालू असताना. मावशीनं दोन्ही थाळ्या बाजूला सारल्या, आपलं झाकण पुढं ओढलं आणि कडाडली,

“अरे, तुम्ही एकमेकांसाठी जागा सोडलीत, तरच तिसऱ्याला घास मिळतो!”