फुलाजीला सामायिक फोल्डर हवा होता

गळ्याशपथ, ही गोष्ट अगदी खरी आहे; घडली तेव्हा कॉम्प्युटर निघायचे होते.

एका निमंत्रणांच्या वेबसाइटवर फुलाजी नावाचा कोड लग्नाच्या पानावर फुलं उधळायचा आणि सामायिक फोल्डरमधून सगळ्यांना तारीख पुरवणाऱ्या तारीखरावावर जळायचा. "त्याला बारसं, मुंज, सगळी पानं हाक मारतात. मी काय एकाच मांडवात कुजू?"

एके दिवशी तो त्या फोल्डरमध्ये घुसला.

"अरे, पोटातली 'नवदांपत्य सुखी राहो' ही ओळ लग्नाच्याच पानावर ठेवून ये," तारीखराव म्हणाला.

"जळतोस होय माझ्यावर?" फुलाजी फुरफुरला.

पहिली हाक तेराव्याच्या पानाने मारली. फुलाजी धावला. आजोबांच्या फोटोवर फुलं पडली आणि खाली नवदांपत्याला आशीर्वादही उमटला. प्रोग्रॅमरबाईंनी त्याला उचलून होता तिथे नेऊन बसवलं.

यातलं तेराव्याचं मी पदरचं सांगितलं. जळणं मात्र अस्सल.