मोराचा चष्मा

पैठण्या विणणाऱ्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस होता. सुभद्राबाईंच्या मागशाळेत तो रेशीम उचलायचा, पाणी भरायचा आणि सांगितलेलं ऐकायचा. तसं ऐकणारा माणूस देवानं कुणालाही देऊ नये. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देणारा परवडला, पण गुणाजी सगळं लक्षात ठेवायचा.

त्याला वाढवलं त्याच्या भामाआत्यानं. पदरावरचा मोर विणावा तर तिनंच, अशी तिची ख्याती. पण अलीकडे तिला जवळचं धूसर दिसू लागलं होतं, आणि हे ती कुणाला सांगत नव्हती. मोर मात्र चुगली करायचे. गेल्या साडीत मोराचा डोळा गालावर उतरला. ह्या साडीत तो पार मानेवर आला.

साडी होती कारखानीसांच्या लेकीच्या लग्नाची. सुभद्राबाई म्हणाल्या, "भामाबाई, ह्या मोराला दिसत नाही हो. कारखानीसबाईंनी हे पाहिलं तर साडी परत करतील. मग मला हा माग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

मागावाचून आत्या काय करणार होती? भाकऱ्या तर तिला कधीच गोल जमल्या नाहीत.

पण सुभद्राबाई तोंडानं फटकळ असल्या तरी डोक्यानं सरळ होत्या. डोळे गेल्यावर हळहळण्यापेक्षा आधीच सोय केलेली बरी, एवढं त्यांना कळत होतं. पुष्कळ मालकांना कळत नाही. त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवलं.

"आजपासून तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांचा विमा उतरवलाय. तुमचा आणि तुमच्या घरच्यांचा. तपासणी, औषध, चष्मा, सगळं त्यात. तुमच्या खिशाला हात नाही. डोळे म्हणजे आपलं भांडवल. जपून वापरा."

गुणाजीनं लगेच डोळे मिटले. भांडवल उगाच कशाला वापरायचं? तो तसाच उठला, तसाच चालला आणि रंगाच्या घंगाळात पडला. बाहेर निघाला तो गुडघ्यापर्यंत राणी रंगाचा.

"अरे शहाण्या!" सुभद्राबाई ओरडल्या. "डोळे उघडे ठेवावेत माणसानं!"

"बरं बाई, लक्षात ठेवतो."

आणि त्यानं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला सांगितलं, "आत्याला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. तूही तपासून घे. घरचं आणखी कुणी असेल तर त्यालाही ने."

घरची आणखी एकच होती. बकरी. गुणाजीनं तिला आंघोळ घातली, गळ्यात नवी दोरी बांधली आणि दवाखान्याच्या बाकावर आत्याशेजारी बसवली.

"ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरचीच आहे. विम्यात बसते."

"अहो, हिचे डोळे चांगले टपोरे आहेत! ज्याच्या डोळ्यात दोष आहे, त्यालाच पुढे आणायचं."

"बरं साहेब, लक्षात ठेवतो."

मग डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं. गुणाजी डोळे टक्क उघडे ठेवून बसला. पापणी लवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दुखतंय का?"

"नाही. बाईंनी उघडे ठेवायला सांगितलेत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बरं. आता एक डोळा झाका आणि समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचा."

गुणाजी उठला, त्यानं डॉक्टरांचा एक डोळा तळव्यानं झाकला आणि खालची ओळ खडाखडा वाचून दाखवली.

"अहो, स्वतःचा झाका! दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावू नये!"

"बरं साहेब, लक्षात ठेवतो."

आत्याची तपासणी झाली. वरची ओळ तिला दिसली, खालच्या ओळीला ती मुंग्या म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "जवळचा चष्मा लागेल. डोळे कोरडेही पडलेत. तोवर हे थेंब घाला."

घरी आल्यावर आत्या मान मागे टाकून बसली. "घाल रे बाबा."

दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावायचा नव्हता. म्हणून गुणाजीनं थेंब स्वतःच्या डोळ्यांत घातले.

"अरे मुडद्या, पडले कुठे थेंब?"

"पडले की. गारगार वाटतंय."

आत्यानं डोळे उघडून पाहिलं आणि लाटणं शोधायला लागली. "माझं औषध होतं ते! ज्याचं त्याला द्यावं रे, ज्याचं त्याला!"

"बरं आत्या, लक्षात ठेवतो."

चष्मा तयार झाला त्याच दिवशी कारखानीसबाई साडी बघायला यायच्या होत्या. आत्याचा जीव टांगणीला. मानेवरचा डोळा अजून मानेवरच होता. चष्म्यावाचून तो उसवायचा कसा आणि पुन्हा विणायचा कसा?

गुणाजी चष्मा घेऊन धावत मागशाळेत आला. आत्या जेवायला घरी गेली होती. तो मागापाशी उभा राहून विचार करू लागला. ज्याच्या डोळ्यात दोष, त्यालाच पुढे आणायचं. ज्याचं त्यालाच द्यायचं. आत्याचे दोन्ही डोळे तर जिथल्या तिथं होते!

आत्या हात धुऊन पळत आली तेव्हा दारात गाडी उभी होती.

"चष्मा आणलास?"

"आणला. ज्याचा त्याला दिला."

आणखी विचारायला सवड नव्हती. सुभद्राबाईंनी हात जोडत कारखानीसबाईंना मागापाशी आणलं आणि साडीवरचं फडकं दूर केलं.

पदरावर मोर होता. मोराला चष्मा होता. दोन्ही काड्या हिरव्या रेशमानं पक्क्या बांधलेल्या.

आत्यानं वाट पाहिली नाही. तिनं गाठी सोडल्या, चष्मा नाकावर चढवला आणि किंचाळली, "अगं बाई! डोळा आहे की गलगंड?" ती तिथंच मागावर बसली. डोळा उसवला आणि कारखानीसबाईंच्या देखत जागच्या जागी विणला. मोर असा काही बघू लागला की कारखानीसबाईंनी धाकट्या लेकीचीही साडी तिथंच सांगून टाकली. भामाआत्याच हवी, असं बजावून.

गाडी गेल्यावर सुभद्राबाई गुणाजीकडे वळल्या.

"अरे, चष्मा विणकरांना मिळतो! मोराला कशाला बांधलास?"

"तुम्हीच म्हणालात बाई, ह्या मोराला दिसत नाही."

"म्हणून काय लगेच चष्मा?"

"लगेच नाही," गुणाजी दुखावून म्हणाला. "आधी तपासला. एक डोळा तर त्यानं आपणच झाकून घेतला होता, गुणी आहे. म्हटलं, आता खालची ओळ वाच. एक अक्षर वाचलं नाही हो!"