आरशात नसलेली माणसं

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण गोष्ट मनापासून लिहिली आहे.

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. आपलं नगर इतकं शहाणं व्हावं की दूरदेशीच्या व्यापाऱ्यांनी येऊन इथं कारखाने काढावेत, असं तिथल्या राजाला वाटे. त्याच्या सांगण्यावरून एका कारागिरानं मनोऱ्यावर मोठा आरसा बसवला. हा आरसा सगळं नगर बघे. त्याला माणूस दाराजवळ दिसलं की दार आपोआप उघडे, ओंजळ धरली की नळाला पाणी येई, चालणाऱ्याच्या पावलापुढे दिवे लागत.

पण आधी आरशाला नगर शिकवायचं होतं. त्यासाठी एक दिवस ठरला. त्या दिवशी राजा स्वतः येणार, म्हणून कोतवालानं नेहमीचंच केलं. हातगाड्या हटवल्या, भाजीवाल्या, पाथरवट, भिकारी सगळे वेशीबाहेर काढले, रस्ते धुऊन घेतले. कारागिराची लहान लेक गोवरानं घरात निजून होती. आरशानं त्या दिवशी जे पाहिलं, तेच त्याच्या लेखी नगर झालं.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या परत आल्या. एक म्हातारी नळाखाली ओंजळ धरून उभी राहिली. थेंब आला नाही.

"ह्या नळाच्या हिशेबी मी मेले वाटतं!" ती हसली. बाकी कोणी हसलं नाही.

गोवरातून उठून बाहेर पडल्यावर कारागिराची लेक म्हणाली, "बाबा, मी चालले की दिवे लागतच नाहीत."

"पाय आपटत चाल म्हणजे कळेल त्यांना," तो म्हणाला. पण मनोऱ्यावर जाऊन त्यानं आरशात पाहिलं. लेक दारात उभी होती. आरशात दार होतं, उंबरा होता, लेक नव्हती.

तो धावत राजाकडे गेला. "महाराज, आरसा पुसून पुन्हा शिकवावा लागेल. सात दिवस सगळं बंद राहील."

"परवा व्यापारी यायचेत! त्यांना काय, कोरडे नळ दाखवू?"

"माझी लेक दिसत नाही त्यात."

"मग तिला ठेव दोन दिवस घरात. पाहुणे गेले की बघू."

कारागीर मान डोलावून परतला. व्यापाऱ्यांची शाबासकी त्यालाही हवी होती. त्या संध्याकाळी लेक त्याला जरा पुसट दिसली. सारखं आरशात बघून डोळे थकले असतील, असं त्यानं मनाला सांगितलं.

व्यापारी यायच्या दिवशी राजा आणि कारागीर हार घेऊन मनोऱ्यावर उभे राहिले. आरशात रस्ते लखलखत होते. वेशीवर कोणीच नव्हतं. दुपार झाली, ऊन कललं.

"खालून कोणी हाका मारतंय का रे?" राजानं विचारलं.

कारागिरानं आरशात पाहिलं. "नाही महाराज. वारा असेल."

दिवेलागणीला तो घरी आला. घर रिकामं होतं. तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला.

"बाबा, पाहुणे गेले. एकही दार त्यांना उघडलं नाही. तहानेनं कासावीस झाले होते. मी माठातलं पाणी दिलं आणि वेशीपर्यंत सोडून आले."

कारागिरानं चारी बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. मग एक लहानसा गार हात त्याच्या हातात आला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जे नगर पाहुण्यांसाठी आपलीच माणसं लपवतं, त्याला शेवटी पाहुणेही दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिरानं काय केलं ते सांगतो आणि थांबतो. त्यानं कोणालाही न विचारता आरसा कोरा पुसला. नगरातले सगळे नळ थांबले, राजा महालावरून ओरडत राहिला. कारागिरानं आरसा खाली आणून एका हातगाडीवर ठेवला आणि समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला, "उभी राहा, बाळा."

बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग आरशात दोन वेण्या आल्या, मग सगळी ती. त्यानं मान वळवून पाहिलं, तर लेक खरोखर समोर उभी होती.

"आता आरशाला दाखवायचं कोण राहिलं?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"मला माहीत आहेत सगळे," ती म्हणाली, आणि पुढं होऊन गाडी वेशीकडे ओढू लागली.