टिंगीचं उतारावरचं कुंपण

डोंगराच्या उतारावर एक वेल. वेलाला दोन भोपळे. आणि वेलाची मालकीण कोण? टिंगी उंदरी! एवढीशी, पण भारी ठसक्याची!

भोपळे पोखरून तिला पिल्लांसाठी घर करायचं होतं. ते गडगडू नयेत म्हणून टिंगीनं काड्यांचं कुंपण घातलं. जमीन तिरपी, म्हणून काड्याही तिरप्या. एक भोपळा सुटला. गडगड गडगड... काड्या आडव्या! भोपळा खाली गेला. डुबुक!

"अगं आई गं! पिल्लांचं घर गेलं!" टिंगीला रडू आलं. दुसऱ्या भोपळ्याचा देठही करकरू लागला. टिंगीनं डोळे पुसले. "पक्कं कुंपण घालीन. घालीन म्हणजे घालीन!"

निघाली टिंगी. तुरुतुरु तुरुतुरु.

"बांबूदादा, बांबूदादा, काठी दे. काठीवाचून कुंपण होईना!"

"मला तहान लागली. आधी ओढ्याला म्हण, पाणी दे."

"बरं! आलेच!" तुरुतुरु तुरुतुरु.

"ओढेमामा, ओढेमामा, पाणी दे. बांबू काठी देईना, काठीवाचून कुंपण होईना!"

"घशात काहीतरी अडकलंय गं. आधी म्हशीला म्हण, ढुशी दे."

"बरं! आलेच!" तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हशीताई, म्हशीताई, ढुशी दे. ओढा पाणी देईना, बांबू काठी देईना, काठीवाचून कुंपण होईना!"

"मी तर दाव्याला बांधलेली. आधी धुरपामावशीला म्हण, सोडून दे."

"बरं! आलेच!" तुरुतुरु तुरुतुरु.

मावशी गोठा झाडत होती.

"धुरपामावशी, धुरपामावशी, सोडून दे. म्हैस ढुशी देईना, ओढा पाणी देईना, बांबू काठी देईना, काठीवाचून कुंपण होईना!"

"सोडते की! पण मेली ही गाठ सुटेल तर शपथ! बारीक दात हवेत बाई."

"दात? हे काय!" कुर्र कुर्र कुर्र! गाठ तुटली.

मग काय! मावशीनं म्हैस सोडली. म्हशीनं ढुशी दिली. धप्प! ओढ्याच्या घशातून काय निघालं? टिंगीचाच भोपळा! ओढ्यानं पाणी दिलं. खळखळ खळखळ. बांबूनं काठी दिली. एक सोडून दहा!

टिंगी काठ्या रोवू लागली. पुन्हा तिरप्या!

"थांब गं बाई," मागोमाग आलेली मावशी म्हणाली. "जमीन असू दे तिरपी. काठी सरळ, आभाळाकडे. आणि बुडाशी दगड."

ठक ठक ठक! कुंपण झालं.

इतक्यात देठ तुटला. कट्ट! गडगड गडगड गडगड... ठप्प! भोपळा अडला. कुंपण हललंसुद्धा नाही.

"बघा! म्हटलं होतं ना, घालीन!"

म्हशीनं पहिला भोपळाही ढकलत वर आणला. आता पिल्लांना दोन घरं. एक निजायला, एक नाचायला!

भोपळा अडला कुंपणाशी, गोष्ट थांबली टिंगीच्या दाराशी.