सुहैलला तीन हाका

ही गोष्ट तुऱ्यापासून शेपटीपर्यंत खरी आहे, बरं का. म्हणजे शेपटी खरी. तुऱ्याची खात्री नाही.

एकदा काय झालं, समुद्राकाठी हसनमियां नावाचा तांडेल होता. मचव्यावरचा मुख्य खलाशी तो तांडेल. दक्षिणेकडचा मोठा तारा, आपण ज्याला अगस्ती म्हणतो ना, त्याला अरबी खलाशी सुहैल म्हणतात. हसनमियांच्या पणज्याला म्हणे त्याच ताऱ्याने वादळातून घरी आणलं. म्हणून याला त्या नावाचा भारी अभिमान. मचवा बांधला, नाव सुहैल. कोंबडा पाळला, नाव सुहैल.

"मला तेवढं सोडलंत, उपकार झाले!" बायको जैनब म्हणायची.

गावाची रीत अशी, की पावसाळा सरताना पहाटे सुहैल दिसला, की मगच मचवे पाण्यात. त्या वर्षी ढग काही हटेनात. हसनमियांला धीर धरवेना. "घरचे दोन सुहैल असताना तिसऱ्याची वाट कोण बघतो?" म्हणाला आणि पहाटे एकटाच निघाला.

मग काय! खडकांपलीकडे गेला आणि ढग थेट पाण्यावर उतरले. घर कुठे, खडक कुठे, कळेना. मचवा भोवऱ्यासारखा गरगरायला लागला. हसनमियां रडकुंडीला आला. मिशी मात्र ताठ, बरं का.

त्याने हाक मारली, "सुहैल!" मचवा थरारला आणि शहाण्या बैलासारखा थांबला.

पण जायचं कुठे? मग दुसरी हाक, "सुहैल!" ढगाला ताटलीएवढं भोक पडलं आणि तारा डोकावला. तारा दक्षिणेला, म्हणजे गाव डाव्या हाताला.

पण मधे खडक, दात विचकून बसलेले. त्यातून वाट एकच, हसनमियांच्या अंगणासमोरची. मग तिसरी हाक, घसा फाटेस्तोवर, "सुहैऽऽल!" आणि काठावरून आरोळी आली, "कुकूऽऽचकू!" त्या आवाजाकडे नाक करून मचवा सुळकन आत आला.

गाव गोळा झालं. जैनब मुठीत दोन तांबडी पिसं घेऊन उभी. हसनमियां छाती फुगवून म्हणाला, "बघितलंस? याला म्हणतात नाव! एकेका हाकेला एकेक धावला!"

मग आभाळ निवळलं, सगळे मचवे निघाले, मासळी आली, गाव पोटभर जेवलं, सुखाने राहिलं. झालं. आता पाय पांघरुणात घ्या आणि डोळे मिटा. हां, जैनब काय म्हणाली ते राहिलंच.

ती म्हणाली, "धावले हो धावले! तुमचा कोंबडा डाल्याखाली घोरत पडला होता. त्याची शेपटी कुणी ओढली, ते विचारा की त्याला!"