दारात उभा दिगू

तालुक्याच्या एका गावात एकदा एक म्हातारा घड्याळं, रेडिओ असलं काहीबाही दुरुस्त करत बसायचा. हातात कसब, तोंड मात्र वात्रट. त्याच्याकडे एक चेला शिकायला यायचा. चेला म्हणजे कोवळं पोर समजू नका. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, तहसील कचेरीतला कारकून. वामन नाव. आणि नाद कसला, तर हातात धरून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचा! एक्केचाळीस जमवले होते गड्यानं. पुसायचा, मऊ फडक्यात गुंडाळायचा, कपाटात ठेवायचा. बायको म्हणायची, "देवांना एवढी आंघोळ घातली असतीत तर एखादा प्रसन्न तरी झाला असता."

बरं, खेळायचा का? छे! बटणं झिजतात ना!

चाळीस खेळ विकत आणलेले. एक तेवढा घरचा. करड्या रंगाचा, एक कोपरा उडालेला, दुबईच्या मामानं आणलेला. तो वामनच्या थोरल्या भावाचा, दिगूचा. दिगू अकराव्या वर्षी तापानं गेला. त्या खेळात खुपसायच्या कॅसेटमध्ये त्यानं अर्धा सोडलेला डाव अजून तसाच होता. खेळ चालू केला की काचेवर आधी नाव यायचं, दिगू. मग टोपीवाला एक बारका माणूस एका काळ्या दारासमोर पाठमोरा उभा दिसायचा. बत्तीस वर्षं तिथंच, पाठमोरा. वामन रोज दहा मोजेपर्यंत बघायचा आणि बंद करायचा. बटण दाबलं तर माणूस हलेल, दिगूची जागा मोडेल, ही भीती.

आता या कॅसेटच्या पोटात सदऱ्याच्या बटणाएवढा चपटा सेल असतो. खेळ बंद असला तरी आतलं नाव तो सेल धरून ठेवतो. सेल मेला की नाव पुसलं. एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर पुढं मला विचारत बसाल.

एका रविवारी दुपारी बाजार बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. वामन तो करडा खेळ आणि त्याची कॅसेट छातीशी धरून आला.

"बाबा, सेल बदलायचाय. पण नाव पुसलं गेलं तर मी जगणार नाही."

"कचेरीत तरी कुठं जगतोस?" म्हातारा म्हणाला. "आण इकडे."

"आधी बाहेरून वीज जोडा, मगच जुना काढा. एक क्षणसुद्धा..."

म्हाताऱ्यानं कॅसेट उघडली. सेलाला मीटर लावला. भुवया वर गेल्या. आणि काही न जोडता त्यानं सेल सरळ उपटून काढला.

"बाबा!" वामन किंचाळला. "मारलंत त्याला!"

"मी कशाला मारतोय? हा मेलेलाच होता. बघ." मीटरचा काटा शून्यावर. सेलाला हिरवट बुरा आलेला. "चार-पाच वर्षं झाली असतील याला जाऊन."

"पण काल रात्री जेवायच्या आधी मी नाव बघितलं!"

"मग आता बघू."

म्हाताऱ्यानं सेलाशिवायच कॅसेट बसवली आणि खेळ चालू केला.

दिगू. काळं दार. टोपीवाला पाठमोरा.

म्हाताऱ्याच्या तोंडावरची थट्टा गेली. वामनचं दहापर्यंत मोजून झालं, हात सवयीनं बंद करायला गेला, तसं म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं.

"थांब. आज बघू, दहाच्या पुढं काय होतं."

विसाला काही नाही. चाळिसाला काही नाही. साठाच्या आसपास तो बारका माणूस वळला. बत्तीस वर्षांत वामननं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. तो काचेतून सरळ बाहेर बघत होता. मग त्यानं एक पाय आपटायला सुरुवात केली. आवाज पुरता बंद केलेला होता. पण टेबलावर काढून ठेवलेला तो मेलेला सेल पायाच्या तालावर थरथरत होता. टिक. टिक. टिक.

"बाबा, हा माझ्याकडे बघतोय."

"बटणाला हात लावला नाही तर हे वळतात, खेळातच असतं तसं," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "पण सेलाशिवाय नाव टिकत नसतं. वामन, शेवटचं काय बोलला होता रे तो तुझ्याशी?"

वामन म्हणाला, "मी रडून मागत होतो. दादा, मला दे, मला दे. तो म्हणाला, एवढं दार होऊ दे, मग तुझी पाळी. तेवढ्यात आईनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि त्याला अंथरुणावर घातलं. तो उठलाच नाही."

"म्हणजे शब्द दिलाय पोरानं," म्हातारा म्हणाला. "तू समजतोस, मी त्याला जपलं. अरे, तू त्याला अडवलंस. नाव सेलानं धरलेलं नाही, तुझ्या भीतीनं धरलंय. त्याला दारातून जायचंय आणि तुझ्या हातात खेळ द्यायचाय. दुसरं काही मागत नाही तो. दाब बटण."

"तो गेला तर?"

"जाऊ दे की. किती वर्षं झाली, तुझी वाट बघत उभा आहे."

वामननं बटण दाबलं. माणसानं पाय आपटायचं थांबवलं. पाठ फिरवली. तीन पावलं टाकली आणि दारात शिरला. काच काळी झाली. टेबलावरचा सेल निपचित पडला.

खेळ पुन्हा चालू केला. नावाची जागा रिकामी होती. वामन ओरडला नाही. रडला, पण थोडंच.

म्हाताऱ्यानं नवा सेल बसवला. खेळानं नाव विचारलं.

"घाल की. एक्केचाळीस खेळांचा मालक तू, तुझं नाव कशात तरी आहे का?"

वामननं एकेक अक्षर शोधून नाव घातलं आणि खेळातल्या पहिल्याच खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदाही तिथंच पडला. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. वामन खाली मान घालून खेळत राहिला.

गेलेल्यांच्या वस्तू खुशाल जपा. फक्त त्यांना आत उभं करून ठेवू नका. पाय दुखतात हो त्यांचे.